सर्वश्रेष्ठ शाळा कोणती? : ओहायोतील एक न मिटणारा वाद

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे लेख मागणारे पत्र आले, तेव्हा ‘शाळेच्या आठवणी’ हा विषय मी नम्रपणे बाजूला ठेवला. त्या लिहिणारी अधिकारी मंडळी या अंकात पुष्कळ असतील. मी लिहिणार आहे ते दुसऱ्याच शाळांविषयी. गेली तेवीस वर्षे मी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईशान्य भागात राहते. आमच्याकडे केशकर्तनालयात, चर्चच्या आवारात आणि दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षातही एक वाद कायम चालू असतो : राज्यातील सर्वश्रेष्ठ शाळा कोणती? हा वाद गुणवत्ता यादीचा नाही, फुटबॉलचा आहे. बडोद्याच्या आपल्या शाळेशी त्याचा संबंध काय, असे वाचकांच्या मनात येईल. तो आहे, पण आरंभीच सांगितला तर ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल.

प्रथम खेळाचा खुलासा केला पाहिजे. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, चेंडू लंबगोल आणि तो मुख्यतः हातात धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर तो प्रतिपक्षाकडे जातो. अंतिम रेषेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाउन’ आणि त्याचे सहा गुण. चेंडू जवळ असलेल्या संघाला त्याच्याच अंतिम रेषेमागे अडवून पाडले, तर अडविणाऱ्याला दोन गुण मिळतात. त्याला ‘सेफ्टी’ म्हणतात. हे दोन गुण क्वचितच पाहावयास मिळतात, परंतु वाचकांनी ते ध्यानात ठेवावेत. शाळांचे सामने साधारणपणे शुक्रवारी रात्री होतात. नववी ते बारावीची मुले खेळतात, शाळेचा बँड वाजतो आणि गाव लोटते. माझा मुलगा आमच्या गावच्या शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत असे. त्याच्या निमित्ताने चार वर्षे मी थंडीत कुडकुडत बाकांवर बसले आणि शेजारच्यांची भांडणे ऐकता ऐकता या विषयाची विद्यार्थिनी झाले.

भांडण कोठूनही सुरू झाले तरी मॅसिलन या नावापाशी येतेच. मॅसिलन हे स्टार्क परगण्यातील सुमारे बत्तीस हजार वस्तीचे, एके काळी पोलादावर जगणारे गाव आहे. त्याच्या पूर्वेला आठ मैलांवर कँटन. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेची स्थापना १९२० साली झाली ती कँटनमधील एका मोटारविक्रीच्या दालनात, आणि त्या खेळाचे राष्ट्रीय गौरवालय १९६३ साली उघडले तेही त्याच गावात. मॅसिलनची वॉशिंग्टन हायस्कूल आणि कँटनची मॅकिन्ली हायस्कूल यांच्यातील सामन्यांची परंपरा १८९४ पासूनची आहे. त्यांची शंभरावी गाठ १९९४ साली पडली. तो सामना बरोबरीत सुटून जादा खेळात गेला आणि मॅसिलनने ४२-४१ असा एका गुणाने जिंकला. मॅसिलनच्या रुग्णालयात मुलगा जन्मला की संघाच्या पाठीराख्यांतर्फे त्याच्या पाळण्यात एक लहानसा फुटबॉल ठेवण्याची प्रथा होती. आपल्याकडे बारशाला सोन्याचा वळा घालतात, तसे हे.

हे वेड आजचे आहे तसे होण्याचे श्रेय एका माणसाला द्यावे लागते. पॉल ब्राउन याच शाळेचा माजी विद्यार्थी. १९३२ साली तो आपल्या शाळेत प्रशिक्षक म्हणून परतला, तेव्हा त्याचे चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. जागतिक मंदी ऐन भरात होती, कारखान्यांतील कामे गेली होती. पहिल्या वर्षी त्याचा संघ पाच सामने जिंकला, चार हरला आणि एक बरोबरीत सुटला. ते वर्ष धरून नऊ वर्षांचा, म्हणजे १९४० पर्यंतचा हिशेब लावला तर ८० विजय, ८ पराभव आणि २ बरोबऱ्या असा भरतो. मात्र हा आकडा नुसता वाचून समजत नाही. आठ पराभवांपैकी सात पहिल्या तीन वर्षांतले आहेत. १९३५ पासूनच्या सहा वर्षांत तो संघ एकदाच हरला, १९३७ मध्ये. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात गावातील रिपब्लिक स्टील कारखान्याच्या संपात गोळीबार होऊन कामगार मारले गेले होते. त्या हंगामात मैदानावर उतरलेल्या मुलांच्या घरांत तो उन्हाळा कसा गेला असेल, हे विक्रमांच्या पुस्तकात नोंदलेले नाही.

ब्राउनची पद्धत आपल्या शिक्षकांना आवडली असती. तो मैदानावर जितका शिकवी तितकाच वर्गात फळ्यापाशी शिकवी. खेळाडूंना वह्या घालाव्या लागत आणि त्यांची लेखी परीक्षा होई. गावातील सगळ्या माध्यमिक शाळांतही त्याने हीच पद्धत लावली, त्यामुळे हायस्कुलात येणाऱ्या मुलाला खेळाची परिभाषा आधीच पाठ असे. १९३८ साली नव्या बँडमास्तराच्या हाताखाली शाळेचा बँड नव्याने उभा राहिला आणि लोक खेळाइतकेच मध्यंतरासाठी येऊ लागले. १९३९ साली सरकारी रोजगार योजनेतून नवे क्रीडागार बांधले गेले. आज त्याला ब्राउनचेच नाव आहे आणि तेथे सोळा हजारांवर माणसे बसतात. गावाची निम्मी वस्ती बसेल एवढे हे एका शाळेचे मैदान! १९४० च्या हंगामात मॅसिलनने दहा सामन्यांत ४७७ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना मिळून सहा गुण करू दिले. ते सहाही कँटन मॅकिन्लीने केले. कँटनमधील म्हातारी माणसे आजही त्या सहा गुणांचा उल्लेख ज्या अभिमानाने करतात, तो पाहिला म्हणजे हसू येते.

मॅकिन्लीसाठी त्या काळात खेळणारा मॅरियन मॉटली हा कृष्णवर्णीय मुलगा तीन वर्षे मॅसिलनशी खेळला आणि तिन्ही वेळा हरला. हरविणाऱ्या प्रशिक्षकाने मात्र त्याला लक्षात ठेवले. १९४६ साली ब्राउनने क्लीव्हलँडमध्ये व्यावसायिक संघ उभारला, तेव्हा बिल विलिस आणि मॉटली या दोघा कृष्णवर्णीयांना त्याने संघात घेतले. व्यावसायिक फुटबॉलची दारे त्या वेळी कृष्णवर्णीयांना बंद होती. बेसबॉलमधील जॅकी रॉबिन्सनचे गाजलेले पदार्पण त्यानंतर एका वर्षाने झाले. मॉटलीला १९६८ साली गौरवालयात स्थान मिळाले, म्हणजे त्याच्याच गावात. शाळेची श्रेष्ठता मोजताना असली गोष्ट कोणत्या रकान्यात घालावी? मला विचाराल तर मॅसिलन-कँटनच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या वैरातील सर्वांत मोठी घटना हीच आहे. पण वाद घालणारे तिला मोजत नाहीत. ते अजिंक्यपदे मोजतात.

आणि खरी अडचण तेथेच सुरू होते, कारण अजिंक्यपद म्हणजे काय हे ठरविण्याची रीत मध्येच बदलली. १९७२ पूर्वी राज्याचा अजिंक्य संघ मैदानावर ठरतच नसे. शाळा आपापले दहा सामने खेळत आणि हंगामअखेरीस क्रीडापत्रकार आपले मत देत. ज्याला मते अधिक, तो अजिंक्य. या रीतीने मॅसिलनला चोवीस अजिंक्यपदे मिळाल्याचे गाव सांगते. १९७० साली त्यांचा संघ अपराजित राहिला आणि पत्रकारांनी त्यालाच कौल दिला. आता यात गफलत अशी, की ज्या दोन शाळा कधी समोरासमोर आल्याच नाहीत त्यांची तुलना पत्रकार करीत होते. राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिनसिनाटीची मंडळी म्हणत की नावाचा दबदबाच मते ओढतो. मॅसिलनकर म्हणत की नाव काही फुकट झालेले नाही. दोघांचेही खरे होते.

१९७२ साली राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने बाद फेरी सुरू केली. शाळांचे विद्यार्थीसंख्येनुसार तीन गट केले आणि प्रत्येक गटात चार विभागांचे चारच संघ घेतले. हे चार निवडावयाचे कसे? जॅक हार्बिन नावाच्या एका गृहस्थाने त्यासाठी एक गणित बसविले होते, तेच स्वीकारले गेले. तुम्ही एखाद्या संघाला हरविले की त्याचे गुण मिळतात आणि तुम्ही हरविलेला तो संघ पुढे जितके सामने जिंकेल, त्यांचेही गुण तुमच्या खात्यात पडतात. किती फरकाने जिंकलात याला किंमत नाही. म्हणजे ज्याला आपण सप्टेंबरात धूळ चारली, त्याच्या विजयासाठी ऑक्टोबरात देव पाण्यात ठेवावयाचे. हे गणित मला फार आवडते. आमच्या गावची गणिताची शिक्षिका दर शनिवारी सकाळी कागद-पेन्सिल घेऊन ते सोडवीत असे आणि दुपारी फळांच्या दुकानात भेटली की निकाल सांगे. पुढे गट वाढत गेले : १९८० मध्ये पाच, १९९४ मध्ये सहा, २०१३ पासून सात. राज्यात एका वर्षी सात अजिंक्य शाळा, ही कल्पना पॉल ब्राउनला पसंत पडली असती असे वाटत नाही.

बाद फेरी आली आणि मॅसिलनचे दिवस फिरले. मते देणारे गेले आणि जिंकणारे दुसरेच निघाले. सिनसिनाटीत १९६० साली उघडलेली मोलर ही केवळ मुलांची कॅथलिक शाळा होती. तिचा फुटबॉल संघ जेरी फाउस्टने शून्यातून उभा केला. १९७५, ७६, ७७, ७९ आणि ८० अशी सहा वर्षांत पाच अजिंक्यपदे त्याने मिळविली. यांतील शेवटचा अंतिम सामना मॅसिलनशी होता. मोलरने तो ३०-७ असा जिंकला आणि लगोलग नोत्र दाम विद्यापीठाने फाउस्टला आपला प्रशिक्षक नेमले. देशातील अत्यंत मानाची ही जागा एका शाळेतल्या मास्तराला थेट मिळाली! विद्यापीठात त्याची कारकीर्द साधारणच ठरली. पाच वर्षांत ३० विजय आणि २६ पराभव पदरी घेऊन त्याने राजीनामा दिला. पण शाळेच्या खेळाची उंची किती वाढली होती, हे त्या नेमणुकीवरून कळते.

मोलरनंतर क्लीव्हलँडच्या सेंट इग्नेशसची पाळी आली. जेझुइट पाद्र्यांनी १८८६ साली काढलेली ही शाळा. तिचाच माजी विद्यार्थी असलेला चक काइल १९८३ साली तिचा प्रशिक्षक झाला आणि २०२२ पर्यंत त्या जागी राहिला. अकरा अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत, त्यांतील पाच तर १९९१ ते १९९५ अशी ओळीने. हा गृहस्थ वर्गात इंग्रजी साहित्य शिकवीत असे. एकाच शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि प्रशिक्षक म्हणून आयुष्य घालविलेला माणूस मला कोणत्याही आकड्याहून अधिक आकर्षक वाटतो, परंतु हा माझा मास्तरांविषयीचा पक्षपात आहे.

मॅसिलनकरांची तक्रार येथून सुरू होते आणि ती साधी आहे. आमची शाळा गावाची, सर्वांच्या करांवर चालणारी. गावाच्या हद्दीत जी मुले जन्मली किंवा राहावयास आली, त्यांतूनच आमचा संघ होतो. आमच्याकडे उंच मुले निपजली नाहीत तर त्या वर्षी बुटक्यांना घेऊन खेळावे लागते. कॅथलिक शाळांना मात्र हद्द नाही. अख्ख्या महानगरातून हवी ती मुले त्यांनी वेचावीत आणि मग आम्हांला हरवून श्रेष्ठ म्हणवून घ्यावे, हा कुठला न्याय? या तक्रारीला आकड्यांचा आधारही आहे. १९८०, १९८२, २००५, २०१८, २०१९ आणि २०२० अशा सहा वेळा मॅसिलन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि सहाही वेळा हरले. हरविणारी शाळा प्रत्येक वेळी कॅथलिक होती : दोनदा मोलर, एकदा सेंट झेविअर, एकदा ला साल आणि दोनदा ॲक्रनची होबन. सार्वजनिक आणि खाजगी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या कराव्यात असा ठराव १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये सदस्य शाळांपुढे मतदानाला आला. दोन्ही वेळा तो फेटाळला गेला.

ओहायोत आले तेव्हा मी विचार न करता मॅसिलनच्या बाजूची झाले. आपल्या मातीतली मुले, आपले गाव, आपला संघ! मराठी मनाला यात न पटण्यासारखे काय आहे? मग एका रात्री बाकावर बसल्या बसल्या मला एक जुना खो-खोचा सामना आठवला आणि मी अस्वस्थ झाले.

मी दहावीत असताना आपल्या मुलींच्या संघाने आंतरशालेय अंतिम सामना जिंकला. हरलेली शाळा शहरातील एका वस्तीची होती. बक्षीस समारंभाच्या वेळी त्यांचे क्रीडाशिक्षक आमच्या सरांना सर्वांदेखत गुजरातीत म्हणाले, “अभिनंदन. पण माझ्या मुली या चार गल्ल्यांतल्या आहेत. तुम्ही साऱ्या शहरातून वेचून आणता.” आमचे सर काही बोलले नाहीत. आम्ही मुली मात्र संतापलो. बसमध्ये बसल्यावर कोणी तरी त्यांची नक्कल केली आणि सगळ्या पोट धरून हसलो. परंतु त्या बसमध्ये होते कोण? दांडिया बाजारातल्या आम्ही तिघी, दोघी फतेगंजच्या, एक मकरपुऱ्याची, एक गोरव्याची. कारखान्यांत, रेल्वेत, विद्यापीठात, बँकांत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांच्या मुली आम्ही. घराजवळच्या शाळा सोडून तासतासभर बसने येत होतो, कारण आईवडिलांना मुलांच्या तोंडी मराठी राहावी असे वाटत होते. खो-खोसाठी कोणी कोणाला वेचले नव्हते. तरीही त्या शिक्षकांचे गणित चुकीचे नव्हते. आपल्या शाळेलाही हद्द नव्हती.

सेंट इग्नेशसचा इतिहास मी वाचला तो या प्रश्नामुळे. एकोणिसाव्या शतकातील क्लीव्हलँडमध्ये गिरण्या-कारखान्यांसाठी आलेल्या स्थलांतरितांची वस्ती वाढत होती. जर्मन, आयरिश, पोलिश, स्लोव्हाक. त्यांच्या मुलांनी आपला धर्म टिकवून शिकावे म्हणून कॅथलिक शाळा निघाल्या. सेंट इग्नेशस काढणारे जेझुइटही जर्मन शाखेचे होते. सार्वजनिक शाळेत मूल फुकट शिकत असताना कामगार बाप पदरमोड करून त्याला लांबच्या शाळेत पाठवी. अमेरिकेतील या शाळांना ‘हद्द नसलेल्या’ म्हणून नावे ठेवताना मॅसिलनकर विसरतात की ती हद्द मुळात कोणी लोभाने ओलांडलेली नव्हती. पुढे त्या शाळांची कीर्ती वाढली, तशी धर्माशी संबंध नसलेली, नुसता दणकट खांदा असलेली मुलेही येऊ लागली असतील. तेव्हा तक्रारीला अर्थ आला. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. आपल्या शाळेची बस आणि त्यांची बस यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

गावाच्या शाळाही सोवळ्यात राहिलेल्या नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. मॅसिलनच्या १९९९ च्या हंगामावरील ‘गो टायगर्स!’ हा माहितीपट २००१ साली आला. आठवीतील मुलाला मुद्दाम एक वर्ष त्याच वर्गात ठेवावयाचे, म्हणजे बारावीत खेळताना तो इतरांहून वर्षाने मोठा आणि भक्कम असतो, ही तेथील रीत त्यात उघडपणे दिसते. गावातील मतदारांनी शाळेसाठी वाढीव कर मंजूर करावा की नाही, हा प्रश्नही त्याच वेळी मतदानाला होता. संघ जिंकला तर कर मंजूर होईल, अशा हिशेबाने लोक बोलताना दिसतात. सतरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर शाळेचे अंदाजपत्रक! माझ्या मुलाने क्लॅरिनेट निवडले याचा मला त्या दिवशी विशेष आनंद झाला.

या सगळ्या कोलाहलात अजिंक्यपदे सर्वाधिक कोणाची, हे ऐकले तर वाचकांना नवल वाटेल. मॅसिलनची नव्हेत, मोलरची नव्हेत, सेंट इग्नेशसचीही नव्हेत. राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये मारिया स्टाइन नावाचे खेडे आहे. तेथील मॅरियन लोकल ही लहानशी सार्वजनिक शाळा २०२४ पर्यंत पंधरा वेळा अजिंक्य झाली आहे आणि त्या वर्षाच्या अखेरीस सलग चौसष्ट सामने जिंकून बसली होती. अर्थात हे सारे लहान शाळांच्या गटांत. मॅसिलनकर म्हणतात, त्यांना आमच्याशी खेळवून बघा. मारिया स्टाइनची माणसे वादच घालीत नाहीत, निदान मला तरी घालताना आढळली नाहीत. हा भाग एकोणिसाव्या शतकात येऊन वसलेल्या जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांचा आहे. मैलोन्‌मैल सपाट शेते आणि क्षितिजावर चर्चचे उंच मनोरे. म्हणजे ही शाळा करांवर चालणारी, हद्द असलेली, मॅसिलनच्या व्याख्येत चपखल बसणारी, आणि तरीही सेंट इग्नेशसइतकीच एका समाजाची. मॅसिलनने आखलेली रेषा येथे येऊन पुसट होते.

२०१४ साली संघटनेने अखेर एक मधला मार्ग मंजूर केला आणि तो २०१७ पासून अंमलात आला. शाळांच्या स्पर्धा वेगळ्या केल्या नाहीत, पण संघात बाहेरून आलेली मुले जितकी अधिक, तितकी ती शाळा हिशेबापुरती मोठी धरावयाची आणि वरच्या गटात खेळवावयाची. मॅसिलनचा प्रवास मात्र उलट दिशेने चालू होता. पोलादाचे कारखाने गेले, वस्ती थिजली, शाळेतील मुलगे कमी झाले आणि ज्या शाळेने कधी काळी राज्यातील सर्वांत मोठ्या शाळांना लोळविले, ती दुसऱ्या गटात आली. २०१८ साली गावचे रुग्णालयही बंद पडले. आपल्या शाळेत एका इयत्तेच्या तीन तुकड्यांची एक तुकडी झाली हे गेल्या भेटीत मी पाहिले, तेव्हा मला मॅसिलनचाच तो दुसरा गट आठवला. यावर मी येथे अधिक लिहीत नाही, या अंकात त्यावर इतरांनी लिहिले असेलच.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर मॅसिलन सातव्यांदा अंतिम सामन्यात पोहोचले. समोर पुन्हा होबन. सामना कँटनमध्ये, गौरवालयाशेजारच्या क्रीडागारात, म्हणजे मॅकिन्लीच्या घरच्या मैदानावर. पिढ्यान्‌पिढ्या जेथे शत्रू म्हणून जावयाचे, तेथे मॅसिलनकर हजारोंनी गेले. आम्हीही गेलो. थंडी कडाक्याची होती आणि खेळ, खरे सांगावयाचे तर, दिसावयास मुळीच सुंदर नव्हता. दोन्ही संघ एकमेकांना रेटीत होते आणि कोणी पुढे सरकत नव्हते. मॅसिलनने एक टचडाउन केला, त्यावरचा जादा गुण मिळविला आणि सात झाले. होबनला सेफ्टीचे ते दोन गुण मिळाले. तेवढेच. सात विरुद्ध दोन. ज्या शाळेने एके काळी एका हंगामात ४७७ गुण केले होते, तिने बाद फेरीतील आपले पहिले अजिंक्यपद एक्कावन्न वर्षे वाट पाहून सात गुणांवर मिळविले.

माझ्या शेजारी मॅसिलनचे एक वृद्ध माजी विद्यार्थी बसले होते. माझ्या मुलाच्या बँडच्या दिवसांपासूनची आमची ओळख. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, “आता तरी मान्य करा, सर्वश्रेष्ठ शाळा कोणती ते.” मी म्हटले, मान्य करते, पण आधी एक निवाडा करून द्या. आणि बाहेर मोटारींच्या लांबलचक रांगेत उभे असताना मी त्यांना बडोद्याच्या खो-खोच्या सामन्याची हकीकत सांगितली : चार गल्ल्यांच्या मुली, आमची बस, ते शिक्षक, त्यांचे बोलणे. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग विचारले, “तुमच्या संघातल्या मुली किती लांबून येत?”

मी सांगितले, कोणी पाच किलोमीटर, कोणी दहा.

“मग ते शिक्षक बरोबर होते,” ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना क्षणभराचाही विचार करावा लागला नाही.